स्पायका प्लास्टरमधलं लेकरू आणि ५ मिलीची सिरिंज: काही महिन्यांच्या वापरानंतर

खुब्याच्या ऑपरेशननंतर लहान लेकरांना बहुतेकदा छातीपासून पायापर्यंत स्पायका प्लास्टर घालतात. त्या दिवसांत दुखण्याचं सिरप मोजून पाजायला मेडिकलवर चिल्लर पैशांत मिळणारी ५ मिलीची सिरिंज (सुई आणि टोपण आधीच फेकून द्यायचं, टोपण घशात अडकतं) बाटलीच्या झाकणापेक्षा कितीतरी भरवशाची.

पॅरासिटामॉल वजनावर ठरतं: किलोला १५ मिलिग्रॅम, दर ६ तासांनी, २४ तासांत ४ वेळांच्या वर नाही. १० किलोच्या लेकराला १५० मिलिग्रॅम. म्हणजे ५ मिलीत १२० मिलिग्रॅम वाल्या सिरपचे सव्वासहा मिली, २५० वाल्याचे ३, आणि १ मिलीत १०० वाल्या ड्रॉप्सचे फक्त दीड. गावातल्या मेडिकलवर नेहमीची बाटली नसली की दुसरी हातात पडते, घरचे मिली तेवढेच ठेवतात, आणि डोस दुप्पट होऊन बसतो. म्हणून डॉक्टरांकडून डोस मिलिग्रॅममध्येच लिहून घ्यावा. आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉल एकत्र असलेलं सिरप चालू असेल तर वरून साधं पॅरासिटामॉल नको.

पहिले दोन-तीन दिवस डोस घड्याळावर, रात्री उठवूनसुद्धा. कमरेत दिलेल्या भुलीचा असर काही तासांत उतरतो. रडायला लागल्यावर दिलेलं सिरप लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो. डोळा लागता लागता लेकरू दचकून किंचाळलं तर ते बहुधा स्नायूंचं आखडणं. त्यावर वेगळं औषध असतं, ते डॉक्टरच देतात. पॅरासिटामॉल वाढवून भागत नाही.

प्लास्टरमध्ये कंबर वाकत नाही, म्हणून आधी गोधडीच्या घड्या पाठीखाली सारून सगळं अंगच तिरपं करावं. मग सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं. जिभेच्या मागे सोडलं की ठसका ठरलेला.

मराठवाड्यातल्या एप्रिल-मेत लाइट गेली की प्लास्टरच्या आत घाम येतो, खाज सुटते, आणि ते रडणं दुखण्याचं वाटतं. आधी कूस बदला, दर दोन-तीन तासांनी तर बदलायचीच. पायांमधल्या दांडीला धरून मात्र उचलू नका. टाच गादीला टेकू देऊ नका. ऊन-उलट्यांनी पाणी कमी पडलं असेल तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पायाची बोटं निळी-गार पडली, सुजली, किंवा नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत आली नाही, तर डोस देऊन वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

सिरिंजची तक्रार एकच: धुऊन धुऊन आकडे पुसट होतात, दट्ट्या अडकतो. अंदाजाने भरायची वेळ येण्याआधी नवी घ्यावी.