रत्नागिरीतली पेटी आणि तिचा खालचा थर

एप्रिल-मेमध्ये रत्नागिरीत पायी फिरायला जाणार असाल, तर कुणी स्टँडवर आणून दिलेली आंब्याची पेटी घेऊ नका. माणूस कितीही गोड बोलो. एवढं वाचून थांबलात तरी चालेल, पण हे सगळं कसं जुळवून आणतात ते कळलं तर जास्त उपयोग होईल.

शहर पायीच बघावं असं आहे, त्यात वाद नाही. राम आळीतून टिळकांचं जन्मघर, पतितपावन मंदिर, मग उतरत उतरत मांडवीची काळी वाळू. रस्ता विचारला की लोक रस्ता तर सांगतातच, वर "सोलापूर? तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं हो?" हेही विचारतात. मिरकरवाड्यात जाळं शिवणाऱ्या एका मावशींनी तर मला अर्धा तास हलू दिलं नाही.

मांडवीच्या जेटीवर भेटलेला माणूस असाच बोलका. ताई-ताई करत बरोबर चालू लागला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाची गोष्ट त्यानेच सांगितली. १८८५ च्या युद्धात राज्य गेलं, इंग्रजांनी राजाला इथे आणून ठेवलं, राजवाडा बांधून होईस्तोवर १९१० उजाडलं आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. थोरली राजकन्या ब्रह्मदेशात जाऊन पुन्हा इथेच आली, १९४७ मध्ये इथेच गेली. घरी येऊन मी ताडून पाहिलं. एक शब्द खोटा नव्हता. फुकट मिळालेलं सगळं खरं होतं, म्हणून विकत घेतलेल्याची शंका कुणाला येणार?

मधूनमधून तो तीन गोष्टी विचारत होता. कुठल्या? गाडी आहे की एसटीने जाणार? आज रात्रीच का? गप्पांच्या ओघात हे प्रश्न कुणाला खटकणार? आता कळतं, त्याला हवं होतं तेवढंच तो विचारत होता.

मग काकाची बाग निघाली. रिक्षाने गेलो. चिऱ्याचा गडगा, आत कलमं, पाडाला आलेले आंबे. आम्ही गडग्याच्या बाहेरच उभे राहिलो, कारण "काका वाशी मार्केटला गेलेत, कुत्रा सोडलाय." बाग काकाचीच होती की आणखी कुणाची, देव जाणे. त्याने पिशवीतून एक आंबा काढून कापून दिला. केशरी गर, कागदासारखी पातळ साल, हाताला वास राहिला तो राहिलाच. "दलालाला देतो त्याच भावात देतो ताई. पाच डझन, साडेतीन हजार. तुम्ही कशाला ओझं वाहता, पेटी स्टँडवर आणून देतो."

पेटी आली ती गाडी फलाटावर लागल्यावर. खिळे ठोकलेली, सुतळीने आवळलेली. त्याने वरची एक फळी उचकटून पेंढ्यातले चार आंबे दाखवले, परत ठोकली. कंडक्टर बेल मारतोय, मागे लोक खोळंबलेत. पैसे स्कॅन करून दिले. पडद्यावर आलेलं नाव ना त्याचं होतं, ना त्याने सांगितलेल्या काकाचं. "आमच्या मेव्हण्याचं खातं," म्हणाला. आणि शेवटी, "आठ दिवस उघडू नका हां, पेंढ्यात पिकू दे."

सगळी मेख या आठ दिवसांत आहे. आंबा कच्चाच भरतात आणि पिकायला तेवढे दिवस लागतात, त्यामुळे सल्ला अगदी योग्य वाटतो. तोवर तुम्ही तीनशे किलोमीटर लांब असता.

वरचा थर खराच हापूस निघाला. खालचे दोन थर दिसायला तसेच, पण साल जाड, गर पिवळट, वास नावालाच. वरच्या थराखाली मराठी पेपर होता, तळाला मात्र वेगळाच. आमच्या सासूबाई विजापूरकडच्या, त्यांनी तो कागद सरळ करून चष्मा लावून वाचला आणि हसायलाच लागल्या. हुबळीच्या वीजपुरवठ्याची बातमी होती. कर्नाटकातला आंबा सोलापूरहून सहज मिळाला असता, तो मी रत्नागिरीला जाऊन एसटीतून मांडीपाशी धरून आणला!

कर्नाटकातला हापूस वाईट नसतो. पण तो त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने विकावा. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला. नोंदणी केलेल्या बागायतदाराकडे त्याचं प्रमाणपत्र असतं, ते बिनधास्त मागा.

फोन केला तर आधी "ताई, आंब्यात साका निघतोच," असं उत्तर. साका म्हणजे गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग. तो खऱ्या हापूसमध्येही निघतो, म्हणून ही सबब छान खपते. पण साक्याने साल जाड होत नाही. दुसऱ्यांदा फोन लागलाच नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण बिल नाही, पत्ता नाही, आणि पैसे मी आपल्या हाताने पाठवलेले. फार आशा नाही.

जिथे जेवायला जात होते त्या खाणावळीच्या काकूंना हे कळवलं. त्या माझ्यापेक्षा जास्त चिडल्या, आपल्या गावाचं नाव गेलं म्हणून. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या एका बागायतदाराला सांगून पेटी पाठवली. चारच डझन, भाव जास्त, पण बिलासकट. त्यांचं म्हणणं, पेटी घेताना वरचा आंबा बघूच नये. पेटी रिकामी करायला सांगावी, तळातला एक आपण निवडावा आणि तोच कापायला लावावा. गाडीची वेळ झाली असेल तर पेटी राहू द्यावी.

या पेटीतही दोन आंबे साक्याचे निघाले. बागायतदाराला फोन केला. त्याने उचलला, फोटो मागितला आणि पुढच्या पेटीत दोनाचे चार घालतो म्हणाला.