20–200 मायक्रोलिटरचं पिपेट: वर्षभर वापरल्यावर

सर्व्हिसिंगहून सर्टिफिकेट घेऊन परत आलेलं माझं पिपेट, म्हणजे द्रवाचं अगदी लहान माप ओढून सोडायचं हातातलं उपकरण, पहिल्याच प्रॅक्टिकलला पुन्हा गळायला लागलं, म्हणून हे लिहायला बसले. शिवाय बायोकेमिस्ट्रीच्या एमएस्सीला आलेले ज्युनियर्स विचारतात की स्वतःचं मायक्रोपिपेट कशाला घ्यायचं, डिपार्टमेंटची असतात की. असतात, पण ती सगळ्यांच्या हातांतून जातात. कोणी पाडलं ते कोणी सांगत नाही. टिपमध्ये (टोकाला लावायच्या प्लास्टिकच्या नळीत) द्रव असताना आडवं ठेवलं की तो आत शिरतो, पिस्टन खराब होतो, आणि ते कळतं पुढच्या बॅचला. माझा प्रोजेक्ट सगळा प्रोटीन मोजण्याचा आणि एन्झाइम कायनेटिक्सचा, म्हणजे एन्झाइमच्या क्रियेचा वेग मोजण्याचा. ज्याच्यावर सगळ्यात जास्त भार ते 20 ते 200 चं तेवढं स्वतःचं घेतलं, बाकीची डिपार्टमेंटची वापरली. पैसे जपून खर्च करायचे असतील तर हाच हिशोब बरोबर, असं मला अजूनही वाटतं.

पहिले काही महिने मी याची तारीफच करत होते. स्प्रिंग हलकी आहे, पूर्ण 96 वेलची (खळग्यांची) प्लेट भरली तरी अंगठा दुखत नाही. बटणाचा पहिला थांबा (माप घ्यायचा) आणि दुसरा (उरलेला थेंब बाहेर ढकलायचा) अंगठ्याला स्वच्छ वेगळे कळतात. डिपार्टमेंटच्या एका जुन्या पिपेटमध्ये ते एकमेकांत मिसळल्यासारखे झालेत, त्यामुळे नवीन मुलं द्रव ओढतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत जातात आणि नको तेवढं घेतात. इथे ती भीती नाही.

आता खोट. याला व्हॉल्यूम लॉक नाही. जे बटण दाबायचं तेच फिरवून आकडा लावायचा, आणि तो आकडा धरून ठेवायला काहीच नाही. दाबताना अंगठा जरा तिरका पडला की बटण किंचित फिरतं. एकदा फिरलं तर काही होत नाही. पण एकाच मापाने ट्यूबमागून ट्यूब भरत गेलं की मध्येच कुठेतरी 20 चे 21 झालेले असतात. 200 वर एक मायक्रोलिटर म्हणजे अर्धा टक्का, 20 वर तोच एक मायक्रोलिटर म्हणजे 5 टक्के! ट्यूबकडे बघून हे ओळखताच येत नाही. रंग येतो, रीडिंग येतं, वहीत आकडा जातो, आणि तो चुकीचा असतो.

1957 मध्ये मारबुर्गला हाइनरिश श्निट्गरने स्प्रिंगचा पिस्टन वापरून पिपेट बनवलं. तोंडाने द्रव ओढायचा कंटाळवाणा प्रकार त्यातून संपत गेला. सुरुवातीची ही पिपेटं एका ठरावीक मापाची असत. आकडा बदलता येणारी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आली. म्हणजे आकडा सरकण्याची शक्यता तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आता कितीतरी मॉडेल्सना लॉक असतो. एवढ्या लहानशा खटक्यावर बचत करणं मला पटत नाही. मित्रमैत्रिणी म्हणतात मी याच एका गोष्टीवर अडून बसते. बसते, कारण माझं संपूर्ण स्टँडर्ड कर्व्ह (ठाऊक प्रमाणांवरून काढलेला, पुढची मोजणी ज्यावरून होते तो आलेख) त्या बटणावर उभं असतं.

ब्रॅडफर्डचंच, म्हणजे रंगावरून प्रोटीन मोजायच्या पद्धतीचंच बघा. 1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं बीएसए (तुलनेसाठीचं प्रोटीन) 20, 40, 60, 80, 100 मायक्रोलिटर घ्यायचं, बफरने 100 करायचं, 5 मिलिलिटर रिएजंट घालून 595 नॅनोमीटरला रीडिंग. वरच्या टोकाला रेषा जरा वाकते. तो रंगाचा स्वभाव आहे, त्यासाठी पिपेटला दोष देऊ नका. दोष द्यायचा तो डुप्लिकेट (एकाच मापाच्या दोन ट्यूब) एकमेकांपासून लांब गेले की. माझे जायला लागले, आणि नेमके 20 च्या ट्यूबमध्ये. मी आकड्यावर नजर ठेवायला लागले. आकडा जागेवर आणि डुप्लिकेट तरीही लांब. मग टिप भरून पिपेट उभं धरून नुसतं बघत राहिले. टिपच्या टोकाशी थेंब फुगत आला आणि पडला. सील गेलं होतं.

वॉरंटी होती म्हणून पाठवलं. बरेच दिवस तिथे पडून राहिलं. परत आलं तेव्हा सोबतच्या कागदावर एकाच मापाची तपासणी, 200 ची. 200 ला ठीक. मी तर 20 ते 100 मध्येच काम करते! फोन केला तर उत्तर मिळालं की पूर्ण मापाला बरोबर म्हणजे खालीही बरोबरच. हे साफ चूक आहे. आयएसओ 8655 या पिपेटांच्या आंतरराष्ट्रीय मानकात तपासणी तीन मापांना सांगितली आहे: पूर्ण, साधारण निम्मं आणि खालचं टोक, आणि प्रत्येकाची दहा वजनं.

मग डिपार्टमेंटच्या अ‍ॅनालिटिकल बॅलन्सवर स्वतःच केलं. 20 अंशांच्या आसपास एक मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर जवळजवळ एक मिलिग्रॅम भरतं, म्हणून हिशोब सोपा. पाणी, टिपा आणि पिपेट आधी तासभर त्याच खोलीत ठेवायचे, टिप एकदा ओली करून घ्यायची, आणि पाणी उडून जाऊ नये म्हणून झटपट वजन करायचं. 200 ला वजन खरंच बरोबर. 20 ला कधी 17, कधी 18 च्या वर, एकसारखं काहीच नाही. तो तक्ता मेलने पाठवला. बरीच मेलामेली झाली, शेवटी सील आणि ओ-रिंग बदलून दिली. आता 20 ला पावणेवीसच्या वर आणि स्थिर येतं. सर्व्हिसबद्दल राग आहे, पण दुरुस्त झालेलं पिपेट चांगलं चालतंय, हेही सांगायला हवं.

या भांडणात एक गोष्ट कळली आणि मत थोडं बदललं. आयएसओच्या मर्यादेप्रमाणे 200 च्या पिपेटला 1.6 मायक्रोलिटरची चूक चालते, आणि तेवढीच चूक खालच्या मापालाही चालते. 200 वर ती 0.8 टक्के, 20 वर 8 टक्के! म्हणजे सगळं नियमात असलं तरी 20 साठी हे पिपेट योग्यच नाही. त्यासाठी कमाल माप 20 असलेलं घ्यावं, त्याची मर्यादा 0.2 मायक्रोलिटर आहे. मी आता 40 च्या खाली याला हात लावत नाही.

कायनेटिक्सला तर हे फारच महत्त्वाचं. अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमचं करताना सबस्ट्रेटचं (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाचं) सगळ्यात कमी प्रमाण म्हणजे सगळ्यात लहान माप. लाइनविव्हर-बर्कच्या आलेखात वेगाचा आणि सबस्ट्रेटच्या प्रमाणाचा व्यस्त घेतला की तीच ट्यूब आलेखाच्या उजव्या टोकाला जाते आणि अख्खी रेष आपल्याकडे ओढते. तिथे एक मायक्रोलिटर चुकला की केएम (वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ते सबस्ट्रेटचं प्रमाण) भलताच येतो, आणि व्हायव्हाला दोष एन्झाइमवर जातो. सॉफ्टवेअरमध्ये मायकेलिस-मेंटेनचं, म्हणजे वेग आणि सबस्ट्रेटच्या प्रमाणाचं मूळ वक्र थेट बसवलं तर हा ओढा कमी होतो, पण मुळात माप नीट हवंच.

वापराबद्दल थोडं. आकडा वाढवताना इच्छित आकड्याच्या थोडं पुढे जाऊन मागे या, नाहीतर स्क्रूची ढील आकड्यात येते. 50 टक्के ग्लिसरॉलमधलं एन्झाइम सावकाश ओढा, टिप द्रवात थोडा वेळ राहू द्या, आणि रिव्हर्स पद्धतीने सोडा, म्हणजे दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून ओढायचं आणि पहिल्यापर्यंतच दाबून सोडायचं. एसडीएस (फेस करणारं डिटर्जंट) असेल तरी रिव्हर्सच, दुसऱ्या थांब्याने फेस होतो. पिपेट सतत मुठीत धरू नका. हाताची ऊब आतल्या हवेला लागते आणि माप बदलतं. टिपा स्वस्तातल्या आणल्या तर त्या नीट बसतात का ते आधी थेंब टांगून बघा. टिपेवर वाचवलेले पैसे रिएजंटमध्ये जातात.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर याच कंपनीचं घेईन, पण लॉकवालं मॉडेल असेल तरच. नसेल तर दुसरीकडे बघेन. आणि ऑर्डर देण्याआधी विचारेन की सर्टिफिकेटवर 20, 100 आणि 200 तिन्ही आकडे येणार का. तुम्हीही विचारा. नाही म्हणाले तर ते मेलवर लिहून घ्या, मला वॉरंटीच्या भांडणात असा लेखी पुरावाच उपयोगी पडला.