दोन लाखाची स्ट्रॅट, दहा महिन्यांनंतर

लोक रिव्ह्यू लिहितात ते बॉक्स फोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, तेव्हा काय सगळंच जगात भारी वाटतं. मी मुद्दाम थांबलो. डिसेंबरात गिटार घेतली, मधे उन्हाळा गेला, कोल्हापूरचा अख्खा पावसाळा गेला, गणपतीत चार आणि नवरात्रात सहा प्रोग्राम झाले, आता लिहायला बसलोय.

गिटार म्हणजे फेंडरची अमेरिकन प्रोफेशनल टू स्ट्रॅटोकास्टर, रोझवूड फिंगरबोर्ड, सनबर्स्ट रंग. किंमत दोन लाखाला थोडी कमी. घरात आकडा सांगितल्यावर आई म्हणाली, दीड म्हैस आली असती रे एवढ्यात. बायको काही बोलली नाही, ते जास्त डेंजर असतंय.

माझं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग, दिवसभर फौंड्रीवाल्यांची कास्टिंग्ज मारतो आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार, हे बावीस वर्षं चाललंय. आधीची माझी गिटार हंबकरवाली होती, म्हणजे तारेचा आवाज उचलणाऱ्या पिकअपमधे दोन कॉइल, जाड आवाजाची. घरी एकट्यानं वाजवायला लई गोड, पण स्टेजवर गायबच व्हायची. आमच्याकडं कीबोर्डवाला दोन्ही हातानं सगळं भरून टाकतोय, ऑक्टोपॅड आहे, ढोलकी आहे, बेस आहे, त्यात जाड आवाजाची गिटार म्हणजे गर्दीत हरवलेलं पोरगं. स्ट्रॅटमधली सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप, पातळ असते, तिला धार असते, ती ढोलकीच्या थापेच्या मधल्या फटीतनं बाहेर येते. एवढं कळायला मला वीस वर्षं लागली.

कोल्हापुरात गिटारी मिळतात, शिकणाऱ्या पोरांच्या भरपूर, पण या रेंजची गिटार हातात घेऊन बघायची तर पुणे नाहीतर मुंबई. पुण्याला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण झालेलं सांगतो. तिथं तीन स्ट्रॅट लागोपाठ वाजवल्या, एक मेक्सिकोतली प्लेयर सिरीज, एक ही, आणि एक अल्ट्रा, जिच्यात नॉइजलेस, म्हणजे गुणगुणाट न करणारे पिकअप असतात. ही पसंत पडली. म्हटलं पॅक करा. पोरगा आत गेला आणि पाच मिनिटात बॉक्स घेऊन आला. मी म्हटलं उघड की. उघडलं तर तारा काळपट पडलेल्या आणि पिकगार्डवर (बॉडीवरचं प्लास्टिकचं झाकण) पिकानं, म्हणजे तारा छेडायच्या चकतीनं, मारलेल्या बारीक रेघा, म्हणजे डिस्प्लेवर टांगलेला दुसरा पीस पुसून नवा म्हणून द्यायला लागलेत. विचारल्यावर, "सर, सगळे पीस थोडेफार हँडल होतातच." अरे दादा, दोन लाख मोजतोय मी, थोडेफार नव्हे! मग मॅनेजर आला, चहा आला, सीलबंद पीस मागवतो म्हणाला, पाच आठवडे लागले. आला तो मात्र खरंच कोरा होता. तर बाबांनो, अशी वस्तू घेताना बॉक्स समोर उघडायला लावा, तारा बघा, फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारेचे खड्डे पडलेत का बघा, सिरियल नंबर कागदाशी ताडून बघा. लाजू नका.

आता मालाबद्दल. मी मशीनिंगवाला, माझी नजर आधी लोखंडावर जाते. ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथं अडकवतात तो भाग, उलटा करून बघितला, खालचा ब्लॉक कोल्ड रोल्ड स्टीलचा, कडा मोडलेल्या, कुठं बर (कापल्यावर राहणारी खरखरीत कड) नाही. स्वस्तातल्या बऱ्याच गिटारींत हाच ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतोय आणि उंचीलाही कमी, आवाज किती टिकतो यात त्याचा फरक पडतो असं वाजवणारे मानतात, मलाही तसंच वाटतंय पण ते मोजून दाखवता येणार नाही. मोजता आलं ते फ्रेट. बावीस फ्रेट, अरुंद आणि उंच, बाजूनं बोट फिरवलं तर एकही टोक टोचत नाही, फिंगरबोर्डच्या कडा गोल मारलेल्या, नवी असून चार वर्षं वापरल्यासारखी हातात बसते. मानेच्या पाठीवर चकचकीत लॅकर नाही, मॅट आहे, त्यामुळं घामानं अंगठा चिकटत नाही. आणि जिथं मान बॉडीला जोडतात तिथला कोपरा तासून उतरता केलाय, वरच्या फ्रेटला हात सरळ पोचतो.

एक गोष्ट मला लई आवडते. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हता. कॅलिफोर्नियात फुलर्टनला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, 1938 चं, तिथनं तो अँप्लिफायरकडं आणि मग गिटारीकडं गेला. 1954 साली स्ट्रॅट काढली, आणि मान चार स्क्रूनं बॉडीला जोडली, म्हणजे बिघडली तर काढा, बदला, परत लावा. ही अक्कल आमच्या उद्यमनगरातली आहे, कलाकाराची नाही! आता कंपनीचा अमेरिकेतला कारखाना कॅलिफोर्नियातच कोरोना नावाच्या गावात आहे, आणि हे मॉडेल आलं 2020 साली. त्यावर आमच्या ढोलकीवाल्यानं जेवढे विनोद करायचे तेवढे करून झालेत, तुम्ही नका करू.

आता मुख्य मुद्दा. घूंऽऽऽ.

घरी आणली, अँपला लावली, गेन थोडा वाढवला आणि तारेला हात लावायच्या आधीच घरभर घूंऽऽऽ. मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, वायरिंग वडिलांच्या काळातलं. बायको आतनं म्हणाली, मिक्सर चालू राहिलाय काय बघा. मला खरं तर हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि दोन लाखाच्या वस्तूतनं भुंगा ओरडणं वेगळं. त्या रात्री झोप लागली नाही.

शेजारच्या गाळ्यात एक मोटार रिवाइंडिंगवाले काका आहेत. त्यांना पिकगार्ड उघडून दाखवलं. चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, "ही तर बारकी मोटारच की गा!" बरोबरच आहे. सहा लोहचुंबक उभे, त्यांच्याभोवती केसासारखी तांब्याची तार हजारो वेढे. स्टीलची तार वर हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यात करंट तयार होतो, झाला गिटारीचा आवाज. पण त्या वेढ्यांना काय कळतंय की हलतंय ते तार आहे का शेजारचा ट्रान्सफॉर्मर? आपली लाईन 50 हर्ट्झची, तो गुणगुणाट पण ती तितक्याच इमानानं उचलतात. म्हणूनच 1955 साली गिब्सनच्या सेथ लव्हरनं दोन कॉइल उलट्यासुलट्या जोडून हंबकर केला, दोघींतला गुणगुणाट एकमेकाला मारतो आणि तारेचा आवाज शिल्लक राहतो. पण त्यात वरची धारही थोडी जाते. म्हणजे धार पाहिजे तर भुंगा पाळा. नॉइजलेस पिकअप यावर उपाय आहेत आणि मी वाजवून बघितलेली अल्ट्रा खरंच शांत होती, पण माझ्या कानाला हलक्या हातानं वाजवताना तिच्यात काहीतरी गुळगुळीत वाटलं. हे कानाचं आहे, भांडण नको.

तरी पाच जागांच्या स्विचवर दोन जागा शांत आहेत. दुसरी आणि चौथी, जिथं दोन शेजारचे पिकअप एकत्र चालतात, कारण मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतोय. सुरुवातीच्या स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच होता, वाजवणारे मधेच अडकवून हे आवाज काढायचे, शेवटी कंपनीनं 1977 पासून पाच जागांचा देणं सुरू केलं. मी स्टेजवर ऐंशी टक्के चौथ्याच जागेवर असतो, तो जो पोकळ, किंचित नाकातनं आल्यासारखा आवाज आहे, तो गाणाऱ्याच्या मागं इतका बरोबर बसतो की गायिका स्वतः म्हणाली, आज गिटार ऐकू येतीय. खालच्या टोनचं बटण दाबलं की पुढचा पिकअप मागच्याबरोबर चालू होतो, तो आवाज पण छान आहे पण त्यात भुंगा परत येतो, उलटा गुंडाळलेला गडी त्या जोडीत नसतो ना.

मग मी घराचंच काम काढलं. अर्थिंग तपासलं तर नावालाच होतं. मीठ-कोळसा टाकून नवीन खड्डा केला, तारेची जोडणी नवी. चरचर बरीच गेली, घूं गेली नाही, कारण घूं हवेतनं येते, वायरीतनं नव्हे, हे मला आधी कळायला पाहिजे होतं. जुनी चोकवाली ट्यूब काढून एलईडी लावली. अँपच्या समोर बसायचो ते लांब सरकलो. आणि सगळ्यात मोठा फरक फुकटात पडला, खुर्ची फिरवून. कॉइलची एक दिशा असते, गिटार हळूहळू फिरवत गेलं की एका कोनात घूं एकदम बसते. माझ्या खोलीत तो कोन खिडकीच्या डाव्या कोपऱ्याकडं आहे. समोरच्या काकूंनी विचारलंच, वास्तूवाल्यानं सांगितलंय काय असं तिरकं बसायला.

आता जे सांगतोय ते ऑर्केस्ट्रावाल्या पोरांनी नीट ऐका. आवाज येतोय म्हणून प्लगची तिसरी पिन तोडायची किंवा टू-पिन ॲडाप्टर लावायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. गिटारीच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात. तुमचा हात तारेवर, ओठ माईकला, आणि अँपमधे बिघाड झाला तर करंट तुमच्यातनं जातोय. मांडवात एकदा ओठाला असा झटका मी खाल्लाय, ओल्या गवतावर उभा होतो, दातांना अजून आठवतंय. भुंगा परवडला.

एक चूक माझी स्वतःची. आवाज मोठा पाहिजे म्हणून पहिल्याच आठवड्यात पिकअप स्क्रूनं वर चढवले. तर बाराव्या फ्रेटच्या पुढं जाड तार दोन सुरात ओरडायला लागली, ट्यूनरचा काटा नाचतोय, मी ब्रिजचे सॅडल (तारेखालचे टेकू) पुढं-मागं करून थकलो. मिरजेतल्या एका सतारमेकर मित्राला दाखवली (मिरजेत पिढ्यानपिढ्या सतार-तंबोरे करतात, लाकूड आणि तार यांचं भांडण त्यांच्याइतकं कोण ओळखणार). इलेक्ट्रिक गिटारीशी त्याचा संबंध नाही, पण त्यानं तार छेडली, कान लावला आणि म्हणाला, हिला खालनं कोणतरी धरतंय. चुंबकच धरत होते. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली दोन मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीडएक मिलिमीटर अंतर ठेवलं, ओरडणं बंद, आवाज थोडा कमी झाला पण मोकळा झाला. अँपचं बटण कशाला असतंय मग.

पावसाळ्यात काय झालं ते पण सांगतो. जूनमधे फिलर गेजनं मानेची वाकण मोजली होती, पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्या फ्रेटवर दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पाव मिलिमीटर, तेवढीच पाहिजे. जुलैत रंकाळा भरून वाहत होता त्या आठवड्यात मोजली तर सोळा थाऊ. तारा वर आल्यासारख्या, बोटं दुखायला लागली. ट्रस रॉडला (मानेच्या आतली सळी) ॲलन कीनं पाव फेरा, तोही दोन टप्प्यात, मधे एक रात्र ठेवून, परत दहावर आली. रॉडचं टोक डोक्याकडं आहे त्यामुळं मान काढायला लागत नाही. तुम्हाला मोजायची सवय नसेल तर स्वतः फिरवू नका, जाणत्याकडं द्या. बाकी केसमधे सिलिका जेलच्या पुड्या, आणि वाजवून झाल्यावर तारा सुक्या फडक्यानं पुसणं, नाहीतर आपल्या हवेत नवीन तारा पंधरा दिवसात गंजतात. केस दणकट आहे पण स्कूटीवर घेऊन केशवराव भोसले नाट्यगृहापर्यंत जाऊन दाखवा, मग बोलू. प्रोग्रामला मी साधी गिग बॅगच नेतो.

पैसे वसूल झाले का? माझे झाले, पण प्रत्येकाचे होतील असं नाही. ही गिटार चुका झाकत नाही. जुनीवर आवाज फाडणारा ओव्हरड्राइव्ह मारला की सगळं माफ असायचं, हिच्यावर डाव्या हाताची बेफिकिरी, पिक वाकडा लागणं, सगळं स्पीकरवर ऐकू येतंय, पहिले दोन महिने मी स्वतःवरच चिडायचो. व्हॉल्यूम कमी केला तरी वरचा आवाज मंद होत नाही, तशी सोय आत दिलीय, त्यामुळं गाण्यात मागं व्हायचं तर पेडलला पाय लावायला लागत नाही, करंगळीनं काम होतं. ज्याला हे लागतंय त्यानं घ्यावी. नुसतं घरी हौस म्हणून वाजवणार असाल तर मेक्सिकोची प्लेयर निम्म्याच्या आसपास येते, तीही खरी स्ट्रॅटच आहे, उरलेल्या पैशात बरा अँप येतो आणि चांगलं अर्थिंग पण होतं.

पोरांचे फोन यायला लागलेत, दादा एका प्रोग्रामला देता का म्हणून. देणार नाही. वाजवायला घरी या, चहा मिळेल. फक्त आल्यावर आधी फॅनचा रेग्युलेटर फुल्ल करा, तीनवर असला की भुंगा दुप्पट होतोय.