डीम्ड कन्व्हेयन्स करून देणाऱ्या वकीलबाई, नौपाडा

आमची नौपाड्यातली सोसायटी, 28 बिऱ्हाडं. मी सेक्रेटरी. मोफाच्या (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा) नियमाप्रमाणे सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन नावावर करून द्यायची असते. आमच्या बिल्डरने 22 वर्षं टोलवाटोलवी केली. मग डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर करून देत नाही म्हणून सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, हाच मार्ग उरला.

या वकीलबाईंनी पहिल्या बैठकीत फीचा विषयच काढला नाही. सगळ्यांचे इंडेक्स टू (फ्लॅटच्या दस्तनोंदणीचा उतारा) मागितले आणि प्रॉपर्टी कार्ड (जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा) मंजूर नकाशाशी ताडून पाहिलं. क्षेत्रात तब्बल 40 चौरस मीटरचा फरक! आधीच्या वकिलांनी हे बघितलंच नव्हतं. ‘‘आत्ता निस्तरू, नाहीतर पुनर्विकासाच्या वेळी अडकाल,’’ म्हणाल्या. आर्किटेक्टचा दाखला घेतला, मगच जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज, म्हणजे फॉर्म सात, भरला. बिल्डरने हरकत घेतली, पण एकाही सुनावणीला बाईंनी ज्युनिअरला एकटं पाठवलं नाही. कमिटीतल्या म्हाताऱ्या माणसांना तर प्रत्येक कागद मराठीत वाचून दाखवला, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आदेश मिळाला म्हणजे झालं असं समजू नका. मुद्रांक, दस्तनोंदणी, मग प्रॉपर्टी कार्डावर नाव, तिथपर्यंत त्या सोबत होत्या. फी चार हप्त्यांत दिली. दिवसा फोन लागत नाही, त्याचा त्रास झाला. संध्याकाळी सातनंतर मात्र हमखास उत्तर येतं.