दात काढला त्याच दिवशी इम्प्लांट, की थांबून?

खानापूर किंवा निपाणीहून बेळगावला दात दाखवायला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. त्यामुळे ‘काढला की लगेच स्क्रू बसवू’ हे ऐकायला बरं वाटतं. (इम्प्लांट म्हणजे नव्या दाताला आधार म्हणून जबड्याच्या हाडात बसवायचा हाच स्क्रू.) माझं कळकळीचं सांगणं एकच: हा निर्णय फेऱ्या मोजून घेऊ नका, हाड बघून घ्या.

दात निघाल्यावर खोबणीत आधी रक्त गोठतं, मग कोवळं हाड धरायला लागतं. त्याच काळात खोबणीची ओठाकडची हाडाची भिंत झिजत असते. वरच्या पुढच्या दातांपाशी ती बहुधा 1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. तिचं बरंचसं रक्त दाताच्या मुळाभोवतालच्या पडद्यातून येतं, दात गेला की तेही जातं. वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली मोठी घट पहिल्या 3 महिन्यांतच होते. लगेच इम्प्लांट घातलं की ही झीज थांबते, असा समज आहे. ती थांबत नाही.

मग त्याच दिवशी कुणी बसवावं? भिंत शाबूत, हिरडी जाड, पू नाही आणि खोबणीच्या तळाशी स्क्रू घट्ट धरेल इतकं हाड, हे सगळं जुळलं तरच. स्क्रू आणि भिंतीमधली फट 2 मिलिमीटरपेक्षा मोठी असेल, तर बहुतेक डॉक्टर तिथे हाडाची पूड भरतात. एक शस्त्रक्रिया वाचते हे खरं, पण पुढच्या दातात हिरडी वर सरकून धातू दिसायचा धोका इथेच जास्त.

4 ते 8 आठवडे थांबलं तर हिरडी भरून येते, पू निवळतो आणि हाडाची रुंदीही अजून बऱ्यापैकी असते. पुढच्या दातासाठी मला हाच मार्ग पटतो. मोठी गाठ होऊन हाड पोखरलं असेल, तर मात्र 3-4 महिने किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं.

कधीही बसवा, सुरुवातीची पकड निव्वळ आवळण्याची असते. स्क्रूलगतचं जुनं हाड विरघळतं आणि नवं अजून पक्कं झालेलं नसतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सर्वांत कमी भरते. दुखत नाही म्हणून तेव्हा दातांनी ऊस सोलायला जाऊ नका. आपल्या तंबाखूच्या पट्ट्यात हेही सांगायलाच हवं: बिडी-सिगरेट आणि आटोक्यात नसलेली साखर असेल, तर हाड धरायला उशीर होतो आणि इम्प्लांट सुटण्याची भीती वाढते. आधी ती दोन्ही आवरा, तारीख मग ठरवा.

डॉक्टरांना स्कॅनवर ओठाकडची भिंत बोट ठेवून दाखवायला सांगा. संमतीचा कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असला, तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि थांबायचं ठरलं, तर पुढची तारीख घेऊनच घरी जा. वरची दाढ काढून वर्षानुवर्षं तशीच ठेवली की सायनसची पोकळी खाली उतरते, आणि मग इम्प्लांटआधी हाड भरण्याचा खर्च वेगळा पडतो.