चालता चालता बंद पडणारा जनरेटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं यंत्र, लागतं. वीज गेली की ते बंद, म्हणून नऊ महिन्यांपूर्वी 2000 वॅटचा पेट्रोल जनरेटर घेतला. फोर-स्ट्रोक, एक सिलिंडर, दोरी ओढून चालू करायचा. आतापर्यंत दीडशेएक तास चालला असेल. कॉन्सन्ट्रेटरला साडेतीनशे वॅटच्या आसपास लागतात, वर दोन पंखे, दिवे आणि फ्रिज. मशीनवर फार ताण असा कधी आला नाही. तरी तो तीनदा वेगवेगळ्या कारणांनी दगा देऊन गेला, आणि त्यातलं पहिलं कारण शोधण्यातच माझा दीड महिना गेला.

चांगलं आधी सांगतो. दुसऱ्या ओढीला चालू होतो. व्होल्टेज स्थिर राहतं, कॉन्सन्ट्रेटरने कधी कुरकुर केलेली नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढतो, तेव्हा इंजिन जरा दबतं आणि लगेच सावरतं. आवाज मोठा आहे, पण तो घराबाहेर, खिडक्या-दारांपासून बराच लांब ठेवतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे पाऊस आला तरी मशीन व्हरांड्यात घ्यायचं नाही, हा आमच्याकडे पक्का नियम आहे.

चौथ्या महिन्यात त्रास सुरू झाला. पाऊण तास सुरळीत चाले, मग आवाज वरखाली व्हायला लागे, दिवे मंद-तेज होत आणि दम लागल्यासारखं इंजिन विझे. दहा मिनिटांनी दोरी ओढली की जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू. मेकॅनिकने कार्बोरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उघडून त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र, साफ केला, ठिणगी पाडणारा प्लग बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्याने पेट्रोल खराब म्हणून सगळं काढून नवं भरायला सांगितलं. ते केलं, तर पाऊण तासाऐवजी अर्ध्या तासातच बंद! तेव्हा मला याचा अर्थ लागला नाही.

उलगडा अगदी अचानक झाला. एकदा बंद पडल्यावर, इंजिन थोडं निवल्यावर, पेट्रोल किती उरलंय ते बघायला टाकीचं झाकण फिरवलं आणि 'सुस्स' करून हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला. झाकण लावून दोरी ओढली, पहिल्या ओढीत चालू. पेट्रोल खाली जाईल तशी त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणात एक बारीक छिद्र असतं. माझ्या झाकणातलं ते छिद्र धूळ आणि वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलं होतं. टाकीत पोकळी तयार होई, कार्बोरेटरकडे पेट्रोल उतरेनासं होई. टाकी काठोकाठ भरली की वर हवा थोडीच उरते, त्यामुळे पोकळी लवकर होते. नवं पेट्रोल भरल्यावर मशीन आधीच्यापेक्षा लवकर का थांबलं, ते आता कळलं.

छिद्र बारीक तारेने मोकळं केलं, झाकण साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलं. त्या दिवशी सलग पाच तास चालला. निदानासाठी झाकण एक आटा सैल करून थोडा वेळ चालवून बघता येतं, पण तसंच वापरत राहू नका. गरम सायलेन्सर हातभर अंतरावर असतो.

यातून मला एक सवय लागली, आणि कुणीही विचारलं की मी आधी तेच सांगतो: मशीन बंद कसं पडलं ते ऐका. हेलकावे खात, दम सोडत बंद पडलं तर बहुतेक वेळा पेट्रोलचा मार्ग तपासायचा: झाकण, पेट्रोलच्या कॉकमधली (तोटीतली) जाळी, फिल्टर, कार्बोरेटरची पेट्रोल साठणारी वाटी. स्विच दाबल्यासारखं एकदम बंद पडलं तर ठिणगी गेलेली असण्याची शक्यता जास्त. आणि इंजिन चालू असून वीजच येत नसेल तर तो प्रश्न वेगळा, आधी ब्रेकर बघा.

दुसऱ्या वेळी तसंच झालं, एकदम बंद. पुन्हा ओढलं तर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. मशीन जरा उतारावर ठेवलं होतं. ऑइल कमी झालं की आतला सेन्सर ठिणगी तोडतो, इंजिन जळू नये म्हणून. पण मी तर ऑइल कालच मोजलं होतं! चूक मोजण्यात होती. मी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, आट्यांत पूर्ण बसवून मोजत होतो. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत ती नुसती टेकवून, न फिरवता मोजायला सांगितलंय. फिरवली की ती खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. सपाट जागा, बरोबर पातळी, आणि तो त्रास संपला.

तिसरा दोष इग्निशन कॉइलचा, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाचा. दीड तास चालून तापलं की एकदम बंद, गार झालं की चालू. ऑइल पूर्ण होतं. ऑइल सेन्सरची तार सोडून, प्लगच्या वायरमध्ये स्पार्क टेस्टर (ठिणगी पडते का ते दाखवणारं साधन) लावून दोरी ओढली: गरम असताना ठिणगी नाही, तासाभराने लख्ख ठिणगी. कॉइल उष्णतेने आतून तुटत होती. बदलली. नवी बसवताना कॉइल आणि फ्लायव्हील (इंजिनाचं फिरणारं जड चाक) यांच्यामधलं अंतर पुस्तिकेत दिलंय तेवढंच ठेवायचं.

कंपनीबद्दल तक्रार एकच, पण मनापासूनची. पुस्तिकेत 'इंजिन बंद पडल्यास' या तक्त्यात पेट्रोल, ऑइल, प्लग एवढंच आहे. झाकणाच्या छिद्राचा शब्दही नाही. ज्याच्या घरी कुणाचा श्वास या मशीनवर अवलंबून आहे, त्याला ती एक ओळ मिळायला हवी होती.

कॉइल बदलल्यापासून दोन महिने एकदाही बंद पडलेला नाही, एकदा तर सलग सहा तास चालला. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. वडिलांच्या खोलीतला भरलेला ऑक्सिजन सिलिंडर मात्र मी हलवलेला नाही.