दात आणि हाडांची कार्यशाळा, नौपाडा: नक्की जा!

रविवारी ठाण्याच्या नौपाड्यात प्रागैतिहासिक दफनांवर कार्यशाळा होती, जाऊन आले. पुढच्या बॅचचा विचार करताय त्यांनी डोळे झाकून नाव नोंदवा. फक्त सोनंनाणं, खजिना असलं काही बघायला मिळेल असं वाटत असेल तर जाऊ नका, इथे सगळा भर हाडांवर आणि दातांवर आहे.

निम्म्याहून जास्त वेळ इनामगाववर गेला आणि ते बरंच झालं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं ताम्रपाषाणयुगातलं (तांब्याची आणि दगडाची हत्यारं एकत्र वापरायचे तो काळ) गाव, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ मधे खोदलं. मूल गेलं की दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत बाळ, आणि ते घरातच जमिनीखाली पुरायचं. कार्यशाळा घेणाऱ्या मॅडमनी तसे दोन कुंभ टेबलावर जुळवून दाखवले तेव्हा हॉलमधे कोणी बोलेना. मोठ्यांना उत्तरेकडे डोकं करून पुरायचे, पण घोट्याखालचे पाय तोडून! मेलेला माणूस पळून जाऊ नये म्हणून असेल, हा अंदाज आहे हे मॅडमनी दोनदा बजावलं, हे मला फार आवडलं. आणि एकाचे पाय मात्र शाबूत, त्याला चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेलं, तेही पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात जिथे धान्याचं कोठारपण होतं, म्हणजे गावात लहानमोठं होतंच की तेव्हाही.

मग दातांचे साचे हातात दिले. नख फिरवलं की आडव्या खाचा लागतात. दात तयार होत असताना मूल उपाशी राहिलं किंवा मोठं आजारपण झालं की इनॅमल (दातावरचं कडक आवरण) तिथे नीट बनत नाही आणि ती खूण नंतर कधीच भरून येत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या पोराची उपासमार अशी बोटाला लागते, काय बोलणार. धान्य जास्त खाणाऱ्यांच्या दातांना कीड जास्त, तेही दाखवलं.

तक्रार एकच पण मोठी, डीएनए शेवटी घाईघाईत उरकलं. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन ठिकाणच्या २०१९ च्या संशोधनात इतके नमुने तपासून एकाच बाईचा डीएनए कामाचा निघाला, आपल्याकडच्या उष्ण हवेत तो फारसा टिकत नाही, हे इतकं महत्त्वाचं आणि दोन स्लाइडमधे संपवलं. त्यासाठी वेगळं सेशन ठेवाच. प्रोजेक्टरपण फिकट होता, पुढच्या रांगेत बसा. आठवी-नववीच्या मुलांना बिनधास्त न्या, स्टेशनपासून चालत जाता येतं.